बुलडोझर आधी की नोटीस आधी? मालवणच्या घटनेवरून समजून घेऊया नगरपालिकेची जबाबदारी

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-पाकिस्तान सामना झाला आणि भारताने तो सहा गडी राखून जिंकला. त्याच रात्री मालवणातल्या एका भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबावर आरोप झाला, की त्यांच्या शाळकरी वयाच्या मुलाने देशविरोधी घोषणा दिल्या. पोलिसांत तक्रार झाली. आई-वडिलांना अटक झाली, मुलाला ताब्यात घेतलं गेलं. आणि २४ तारखेला, म्हणजे तक्रारीला पुरता एक दिवसही झाला नव्हता तेव्हा, मालवण नगरपरिषदेने त्यांचं पत्र्याचं दुकान जेसीबी लावून पाडलं.

या घटनेवर आपल्या घराघरांत बोलणं झालं. कोणी म्हणालं पोराने असं बोलायलाच नको होतं, कोणी म्हणालं पोर बोललंच नाही, कोणी म्हणालं शेड बेकायदाच होती. घोषणा दिल्या की नाही, हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे आणि कुटुंबाने आरोप नाकारला आहे. त्यात इथे शिरायचं नाही. आपल्याला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे: गुन्हा पोलिसांकडे, खटला कोर्टाकडे, मग या सगळ्यात नगरपालिका कुठून आली? आणि आली ती कोणत्या कामासाठी?

तारकर्ली, देवबाग, वायरी इथल्या लोकांचं मालवणशिवाय चालत नाही. बाजार, दवाखाना, बँक, मुलांचं कॉलेज, सगळं तिथेच. त्यामुळे मालवणात जे झालं ते आपल्या दारातच झालं असं समजायला हरकत नाही.

नगरपालिका म्हणजे सुद्धा ‘सरकार’च

आपल्याकडे सरकार म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबई नाहीतर दिल्ली येते. नगरपालिका म्हणजे नळ, गटार आणि घरपट्टी. पण संविधानाचं कलम १२ बघितलं तर मूलभूत हक्क ज्याच्यावर बंधनकारक आहेत, त्या ‘राज्य’ या शब्दात स्थानिक संस्थाही येतात. म्हणजे समानतेचा हक्क (कलम १४), व्यवसाय करण्याचा आणि देशात कुठेही राहण्याचा हक्क (कलम १९), जीविताचा हक्क (कलम २१) हे जसे केंद्र सरकारला मोडता येत नाहीत, तसेच मालवणच्या मुख्याधिकाऱ्यालाही मोडता येत नाहीत. कलम ३००-अ सांगतं की कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. ‘कोणाचीही’ यात भंगारवालाही आला.

महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे चालतो. त्यात नगरपरिषदेची कामं दिली आहेत: पाणी, दिवाबत्ती, रस्ते, जन्म-मृत्यूची नोंद, दफनभूमी आणि स्मशानभूमीची व्यवस्था. बांधकामाला परवानगी देणं आणि बेकायदा बांधकाम हटवणं हेही आहे. ही यादी वाचून वाटेल की यात नागरी स्वातंत्र्याचा काय संबंध? पण जरा विचार करा. जन्माचा दाखला मिळाला नाही तर मुलाचं शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळं अडतं. कब्रस्तानाला जागा नसेल तर मय्यत घेऊन जायचं कुठे? दुकान अचानक पाडलं तर पोट कसं भरायचं? माणसाचे हक्क कागदावर दिल्लीत लिहिले जातात, पण ते मिळतात किंवा अडतात ते बहुतेक वेळा नगरपालिकेच्या काउंटरवर.

त्या यादीत एक काम मात्र कुठेच नाही: गुन्ह्याची शिक्षा देणं.

मालवणात नेमकं काय झालं

बांधकाम अनधिकृत होतं म्हणून कारवाई केली, अशी बाजू मांडली गेली. चला, तसं मानू. पण ते बांधकाम २३ तारखेच्या सामन्यानंतर रातोरात उभं राहिलं नव्हतं. आदल्या आठवड्यात ते तिथेच होतं, आदल्या महिन्यातही होतं. घोषणांचा आरोप झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं बेकायदापण दिसलं, हा योगायोग पचायला जड आहे.

तो योगायोग नव्हता हे तेव्हा लपवलंही गेलं नाही. कुडाळ-मालवणचे आमदार नीलेश राणे यांनी समाजमाध्यमावर या कारवाईची माहिती स्वतःच टाकली, त्या व्यावसायिकाचा मुसलमान आणि परप्रांतीय असा उल्लेख केला, त्याला जिल्ह्याबाहेर घालवू असं लिहिलं आणि तातडीच्या कारवाईबद्दल नगरपरिषद प्रशासन व पोलिसांचे आभार मानले. म्हणजे दुकान पाडण्याचं कारण बांधकामाची परवानगी नसून घोषणांचा आरोप होता, असाच अर्थ लोकांनी घेतला.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. त्या वेळी मालवण नगरपरिषदेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते. महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिकांप्रमाणे निवडणुका रखडल्या होत्या आणि मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. म्हणजे सभागृहात उठून ‘साहेब, नोटीस दिली का?’ असं विचारणारा एकही माणूस नव्हता. कुटुंबाने शेवटी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. आपल्याला कोणतीही नोटीस किंवा सुनावणी न देता बांधकाम पाडलं आणि हा न्यायालयाच्या आदेशाचा अवमान आहे, असं त्यांनी याचिकेत म्हटलं. २४ मार्च २०२५ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठाने त्यावर नोटीस काढली.

कोणत्या आदेशाचा अवमान? तो आदेश प्रत्येक घरात माहीत असायला हवा, म्हणून जरा सावकाश बघू.

१३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल

उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, दिल्ली अशा ठिकाणी आरोपींची घरं बुलडोझरने पाडण्याचे प्रकार वाढल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी १३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला. त्याचा गाभा असा: एखाद्यावर आरोप आहे, किंवा अगदी गुन्हा सिद्धही झाला आहे, म्हणून त्याचं घर पाडता येत नाही. शिक्षा देणं न्यायालयाचं काम आहे, प्रशासन स्वतःच न्यायाधीश होऊ शकत नाही. आणि घरात एकटा आरोपी राहत नाही. बायका, मुलं, म्हातारी माणसं राहतात. एकाच्या आरोपासाठी सगळ्यांना उघड्यावर आणणं ही सामूहिक शिक्षा आहे.

आता बेकायदा बांधकाम पाडायचंच असेल तर? न्यायालयाने ते अडवलेलं नाही, पण रस्ता आखून दिला आहे. आधी कारणे दाखवा नोटीस. ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि बांधकामावर बाहेरून दिसेल अशी चिकटवायचीही. नोटीस मिळाल्यापासून किमान १५ दिवस, किंवा स्थानिक कायद्यात त्याहून जास्त मुदत असेल तर तेवढे दिवस, उत्तर द्यायला मिळाले पाहिजेत. नोटिशीत नुसतं ‘अनधिकृत’ लिहून चालत नाही. नेमका कोणता नियम मोडला, किती भाग बेकायदा, कोणते कागद आणायचे, सुनावणी कोणत्या तारखेला आणि कोणत्या अधिकाऱ्यासमोर, हे सगळं त्यात हवं.

यातली एक तरतूद फार हुशारीची आहे. नोटीस बजावली की लगेच तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायची आणि तिकडून पोच आपोआप आली पाहिजे. का? कारण आधी पाडायचं आणि मागची तारीख टाकून नोटीस नंतर तयार करायची, हा खेळ आपल्या देशात जुना आहे. ईमेलला मागची तारीख टाकता येत नाही.

पुढे प्रत्यक्ष सुनावणी, तिची लेखी नोंद. मग अंतिम आदेश, आणि त्यात कारणं: घरमालकाचं म्हणणं काय होतं, ते का मान्य नाही, दंड भरून बांधकाम नियमित होऊ शकतं का, नसेल तर का नाही, फक्त काही भाग पाडून भागतं का. आदेश मिळाल्यावर पुन्हा १५ दिवस थांबायचं, म्हणजे माणूस अपील करू शकेल किंवा स्वतःहून बांधकाम काढून घेईल. त्यानंतरच पाडकाम, तेही दोन पंचांच्या सह्यांचा तपासणी अहवाल करून आणि पूर्ण व्हिडिओ काढून. हे नियम मोडले तर अधिकाऱ्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते आणि पाडलेलं पुन्हा उभं करण्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या खिशातून वसूल होऊ शकतो, भरपाई वेगळी.

हा हिशोब मालवणला लावून बघा. समजा २४ फेब्रुवारीला दुकान पाडण्याऐवजी नोटीस हातात दिली असती. १५ दिवस म्हणजे ११ मार्च उजाडला असता. सुनावणी आणि आदेश अगदी त्याच दिवशी उरकले असते तरी पुढचे १५ दिवस धरून २६ मार्च. म्हणजे कमीत कमी एक महिना. त्या महिन्यात कुटुंबाने वकील बघितला असता, कागद गोळा केले असते, कागद नसतील तर निदान माल हलवला असता. भंगाराच्या धंद्यात सगळं भांडवल तिथेच पडलेलं असतं, तांबं, पितळ, लोखंड, वजनकाटा. आणि तापलेलं वातावरणही तोवर निवळलं असतं. नोटिशीची मुदत म्हणजे बेकायदा बांधकामाला दिलेली सूट नाही. रागाच्या भरात होणाऱ्या कारवाईला लावलेला तो लगाम आहे.

अपवादही वाचा, विशेषतः किनाऱ्यावरच्यांनी

निकालात दोन अपवाद आहेत आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ते सहसा कोणी सांगत नाही. रस्ता, फूटपाथ, रेल्वे रुळांलगतची जागा, नदी किंवा पाणवठ्यालगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या बेकायदा बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. आणि न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला असेल तर तिथेही नाहीत.

तारकर्लीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. इथे किनाऱ्यावरच्या बांधकामांना सीआरझेडचे नियमही लागतात. त्यामुळे निवास-न्याहारीची खोली असो, बोटीच्या तिकिटांची टपरी असो की चहाचा स्टॉल, ‘सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कोणी हात लावू शकत नाही’ अशा भ्रमात राहू नये. जागा सार्वजनिक आहे की खासगी, यावर बरंच काही ठरतं. तरीही अपवाद आहे म्हणजे मनमानी करायला मोकळीक आहे, असं नाही. नगररचनेचा १९६६ चा कायदा तात्पुरत्या शेडसाठीसुद्धा आधी लेखी आदेश मागतो. पत्र्याची शेड आहे, ती कधीही काढता येते, असं कोणी सांगितलं तर ‘लेखी आदेश दाखवा’ एवढं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे.

आणि हा फक्त मुसलमानांचा विषय नाही. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटनावर पोट असलेली बहुतेक घरं गाबीत, भंडारी समाजाची आहेत. उद्या किनाऱ्यावर कारवाई सुरू झाली तर त्यांनाही हीच नोटीस, हीच सुनावणी वाचवणार. मालवणात एका भंगारवाल्यासाठी नियम बाजूला ठेवणारी सवय प्रशासनाला लागली, तर ती सवय माणसाचं नाव विचारत बसत नाही.

नागपूरची माफी

मालवणनंतर महिनाभरात नागपुरात तेच झालं. १७ मार्च २०२५ च्या दंगलीत मुख्य आरोपी म्हणून ज्याचं नाव घेतलं गेलं, त्याच्या कुटुंबाचं घर महापालिकेने २४ मार्चला पाडलं. घर त्याच्या आईच्या नावावर होतं. त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर ते घर जमीनदोस्त झालं होतं. दुसऱ्या एका आरोपीच्या घरावरची कारवाई मात्र थांबली.

एप्रिलमध्ये नागपूर महापालिकेने न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. कारण काय दिलं? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं परिपत्रक आलं नव्हतं, त्यामुळे संबंधित अधिकाऱ्यांना निर्देश माहीत नव्हते. ज्या निकालाची बातमी देशातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आली, तो महापालिकेला चार महिने कळला नाही. आपल्यापैकी कोणी दंडाच्या पावतीवर ‘नियम माहीत नव्हता’ असं सांगून बघावं! गंमत अशी की हा निकाल देणारे न्या. गवई अमरावतीचे, पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले, आणि वकिली करत असताना याच नागपूर महापालिकेचे वकील राहिलेले. पालिका कशा चालतात हे त्यांना बाहेरच्या माणसाने सांगायची गरज नव्हती.

नुसती माफीच मिळते असंही नाही. प्रयागराजमध्ये २०२१ साली रात्री नोटीस चिकटवून लगेच घरं पाडली गेली होती. १ एप्रिल २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ते बेकायदा ठरवलं आणि प्रत्येक घरमालकाला १० लाख रुपये द्यायला तिथल्या विकास प्राधिकरणाला सांगितलं. चार वर्षं लागली, पण भरपाईचा आदेश झाला.

मुंबईच्या फूटपाथवरून आलेला हक्क

हे सगळं २०२४ मध्ये सुरू झालं असं नाही. याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. जुलै १९८१ मध्ये फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचा निर्णय मुख्यमंत्र्यांनी जाहीर केला. भर पावसाळ्यात. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवर राहणारे काही लोक न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण पोटाचं साधन काढून घेतलं तर माणूस जगणार कसा? फूटपाथवर कायमचं राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पण नोटीस न देता हटवण्याचा पालिकेचा अधिकार अगदी अपवादानेच वापरायचा, एरवी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असा दंडक घातला.

ते मुख्यमंत्री कोण होते? बॅ. अब्दुल रहमान अंतुले. रायगडच्या आंबेतचे, आपले कोकणी मुसलमान. त्यांच्याच काळात १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, ते ऋण आपण विसरत नाही. पण हातोडा चालवणारा आपला होता म्हणून तेव्हा तो बरोबर ठरला नाही. आज दुसऱ्याचा आहे म्हणून वेगळा कायदा मागायचाही नाही. कायदा तोच.

याच ओघात घरातल्या घरात एक गोष्ट बोलून टाकू. मालवणच्या प्रकरणात आपल्यातलेही काही म्हणाले, ‘तो आपला कोकणी नव्हे, बाहेरून आलेला.’ आपली किती माणसं आखातात, आफ्रिकेत, मुंबईत बाहेरचीच म्हणून राहिली! कलम १९ मधला कुठेही राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क बाहेरून आलेल्यासाठीच तर आहे. गावातल्या माणसाला तो मागावा लागत नाही.

तारकर्लीत नगरपालिका नाही, मग?

तारकर्लीत ग्रामपंचायत आहे. पण ग्रामपंचायतही स्थानिक संस्थाच, म्हणजे कलम १२ तिलाही लागू. आणि गावात धोका थोडा वेगळ्या वाटेने येतो: ठरावाच्या वाटेने.

दोन उदाहरणं. कोल्हापूरजवळच्या शिंगणापूर ग्रामपंचायतीने २०२४ मध्ये ठराव केला की नव्याने आलेल्या मुसलमानांची नावं गावच्या मतदार यादीत घेऊ नयेत. मतदार यादी हा ग्रामपंचायतीचा विषयच नाही, तो निवडणूक आयोगाचा. ओरड झाल्यावर ठराव मागे घेतला गेला. दुसरं उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीचं. कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत, असा ठराव तिथल्या ग्रामसभेत फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. पिढ्यान्‌पिढ्या त्या जत्रेत दुकान लावणारी माणसं त्यात होती. गटविकास अधिकाऱ्यांनी चौकशी करून तो ठराव ग्राह्य धरला नाही.

या दुसऱ्या घटनेवर जरा थांबायला हवं. बातम्या ठरावाच्या झाल्या, गटविकास अधिकाऱ्याच्या फारशा झाल्या नाहीत. गर्दी एका बाजूला असताना फाईलवर नियमाप्रमाणे शेरा मारणं, नागरी स्वातंत्र्याचं रक्षण म्हणतात ते हेच. त्याला ना भाषण लागतं, ना मोर्चा. असा अधिकारी दिसला तर त्याचे आभार मानायला जमातीने जरूर जावं. तक्रार घेऊन तर आपण जातोच.

ग्रामसभेत बहुमताने ठराव झाला म्हणून मूलभूत हक्क संपत नाही. कोणाला व्यापाराला बंदी, कोणाला घर भाड्याने द्यायला बंदी, असा ठराव आला तर सभेतच विरोध नोंदवा, इतिवृत्तात तो लिहिला गेला का बघा, ठरावाची नक्कल लेखी मागा आणि गटविकास अधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्यासाठी मुळात ग्रामसभेला जायला हवं. आपल्या बायका तर राहू द्या, पुरुषही जात नाहीत. जुम्म्याला सगळे भेटतात, ग्रामसभेला कोणी नाही.

कागद, तारीख, वकील

कागदांचं सांगायचं तर आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज घरपट्टीचा आहे. ‘वीस वर्षं घरपट्टी भरतोय, घर कायदेशीरच आहे.’ नाही. घरपट्टीची पावती किंवा असेसमेंटचा उतारा (नमुना ८) हा तुमचा ताबा आणि तिथली वहिवाट दाखवतो, बांधकामाची परवानगी दाखवत नाही. परवानगीचा कागद वेगळा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड वेगळं, बिनशेतीचा आदेश वेगळा. जागा भाड्याची असेल तर लेखी करार हवा. दुकानाला परवाना किंवा नोंदणीची पावती हवी. हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि त्याचे फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये. परवानगी नसेल तर ती आजच नियमित करता येते का, हे विचारून घ्या. नोटीस आल्यावर विचारलेलं उशिरा होतं.

नोटीस आली तर ती घ्या. अनेकजण घाबरून रजिस्टर परत पाठवतात, दार उघडत नाहीत. त्याने नोटीस रद्द होत नाही, फक्त आपले १५ दिवस वाया जातात. पाकिटावरची तारीख जपून ठेवा. उत्तर लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. नोटीस न देताच पथक दारात आलं तर अंगावर धावून जाऊ नका, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. आदेशाची प्रत मागा, मोबाईलवर चित्रीकरण करा, जिल्हाधिकारी कार्यालयाला त्याच क्षणी ईमेल पाठवा. नोटिशीची माहिती त्यांच्याकडे आली होती का, हे नंतर माहितीच्या अधिकारातही विचारता येतं.

वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसू नका. सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका, मुलं आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत असल्यास मिळतो. आणि एक मोठी सोय अलीकडे झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे, त्यात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येतात. पूर्वी स्थगिती मागायची म्हणजे रात्रीची गाडी धरून मुंबई, वकील शोधा, राहायची सोय करा. आता घाट चढून कोल्हापूर. बुलडोझर दारात उभा असताना हे अंतर फार महत्त्वाचं असतं.

जन्माच्या दाखल्याबद्दल दोन शब्द, कारण तोही नगरपालिकेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या दप्तरातून येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्म दाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा ठरतो, आणि एक वर्षाहून उशिरा नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ पासून उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. बाळ झाल्यावर २१ दिवसांच्या आत नोंद करा, नावाचं स्पेलिंग आई-वडिलांच्या आधारशी जुळवून बघा. अकीक्याची तयारी होते, मग हेही झालं पाहिजे.

मालवण नगरपरिषदेची निवडणूक अखेर २ डिसेंबर २०२५ ला झाली. प्रशासकाचा काळ संपला, सभागृह पुन्हा भरलं. मालवणात राहणाऱ्यांनी आपापल्या नगरसेवकाला तीन साध्या गोष्टी लेखी विचाराव्यात: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं पाडकामांच्या नोटिशींचं पोर्टल नगरपरिषदेने सुरू केलं का, जिल्हाधिकारी कार्यालयाला नोटिशी कळवायचा ईमेल पत्ता कोणता, आणि १३ नोव्हेंबर २०२४ नंतर शहरात जेवढी बांधकामं पाडली त्यातल्या किती ठिकाणी व्हिडिओ आणि पंचांचा अहवाल उपलब्ध आहे. तारकर्लीकरांनी हेच प्रश्न ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारावेत. अर्ज साध्या कागदावर चालतो. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.